पाण्यात उतरायचं राहिलं

८ जानेवारी

धाकटे,

सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील, पण पटलं नसेल. मी तुला जन्मात पत्र लिहिलेलं नाही. फोन होता, आणि फोनवर तू बोलायचीस, मी हं हं करायचो. ऑगस्टात डॉक्टरीणबाईंनी माझं स्वरयंत्र काढलं तेव्हापासून तेवढं हं हं करण्याचीही सोय राहिली नाही. लेक म्हणते, बाबा, मोबाईलवर टाईप करा. माझी बोटं सुईदोऱ्याची, त्या काचेवर एका वेळी तीन अक्षरं दाबली जातात. म्हणून हे पत्र.

तब्येत बरी आहे. गळ्याला पुढून बोटभर भोक ठेवलंय, श्वास तिथूनच घ्यायचा. त्यावर बांधायला मऊ सुती कापडाचे दहा रुमाल शिवलेत, गडद रंगाचे, म्हणजे डाग दिसत नाहीत. दुकान चालू आहे. गिऱ्हाइकांशी बोलायला पाटी ठेवली आहे, पण हुज्जत घालता येत नाही गं. मी "बाही तोकडी नाही, तुमचा हात लांब आहे" एवढं लिहीपर्यंत माणूस पायऱ्या उतरून गेलेला असतो. तुझ्या वहिनीला जाऊन मार्चात तीन वर्षं होतील. तिच्या खुर्चीवर मी आता कापडाचे तागे ठेवतो.

पत्राचं कारण असं की तुझ्या घरच्या पाळकसाहेबांना एक विचारायचं आहे. एखाद्याचा प्रभूवर विश्वास आहे, रोजची प्रार्थना आहे, पण तो बाप्तिस्म्याला पाण्यात उतरलाच नाही, तर त्याचं तारण होतं की नाही? मला होय किंवा नाही एवढंच कळव. प्रवचन नको. तुमच्या मंडळीचे बाप्तिस्म्याचे झगे तीस वर्षं मीच शिवतोय, तेवढ्या ओळखीवर एक शब्द मिळायला हरकत नसावी. कोणासाठी विचारतोय ते मात्र विचारू नकोस.

तुझा दादा

१७ जानेवारी

दादा,

कोणासाठी ते विचारू नकोस म्हणे. अरे, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? पत्र वाचलं आणि ओट्याशी उभी राहून रडले. हे धावत आले, त्यांना वाटलं हात भाजला. सहासष्टाव्या वर्षी का होईना, तुला सुचलं. आई असती तर तिनं गल्लीभर सांगितलं असतं. ती नाही म्हणून मी सांगितलं. बायकांच्या प्रार्थनासभेत तुझं नाव वहीत पहिलं घातलंय.

मी एकोणिसाव्या वर्षी उतरले तेव्हा तू काठावर टॉवेल घेऊन उभा होतास, आठवतं? बाहेर आल्यावर मी म्हटलं, आता तुझा नंबर. तू म्हणालास, लग्नसराई संपू दे. किती लग्नसराया गेल्या रे. आपल्याकडे लहानपणीच बाप्तिस्मा देऊन टाकायची रीत नाही, ज्यानं त्यानं मोठेपणी ठरवून घ्यायचा, त्याचा तू पुरेपूर फायदा घेतलास.

ह्यांना तुझा प्रश्न वाचून दाखवला. म्हणाले, "पाणी तारण करत नाही, प्रभू करतो. पण प्रभूनं उतरा म्हटलंय. जो उतरत नाही त्याचा विश्वास कसला?" मी म्हटलं, होय की नाही एवढंच विचारलंय त्यानं. तर म्हणाले, "त्यांना म्हणावं, या." आता माझा संसार ह्यांच्याबरोबर झालाय, त्यामुळे मला ठाऊक आहे, ह्यांच्याकडून याच्यापेक्षा सरळ उत्तर निघत नाही.

मार्चच्या चौथ्या रविवारी बाप्तिस्म्याचा हौद भरणार आहोत. तुझा झगा तूच शिव, दुसऱ्या कोणाची शिलाई तुला पसंत पडायची नाही. लेकीला बरोबर आण. खोली झाडून ठेवते.

तुझी धाकटी

३० जानेवारी

धाकटे,

सलाम. तुझं पत्र पोचलं. तू एवढी खूश, आणि मी काय लिहू?

पहिली गोष्ट, व्यवहाराची. गळ्याला भोक म्हणजे नुसतं भोक नाही, ती श्वासाची नळीच आहे. नाक-तोंडाचा आता फुप्फुसाशी संबंध उरला नाही. माणूस पाण्यात नाक दाबून धरतो, तसं मला धरायला काही नाही. पाणी आलं की सरळ आत. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, छातीच्या वर पाणी नको. आंघोळसुद्धा मी बसून, गळ्याला आडवा टॉवेल धरून करतो. तुझ्या पाळकसाहेबांनी मला त्यांच्या पद्धतीनं पाठीवर आडवं करून बुडवलं, तर बाप्तिस्मा आणि दफन एकाच उपासनेत उरकेल. मंडळीची तेवढीच एक खेप वाचेल.

दुसरी गोष्ट. वहीतून माझं नाव काढ. मी येतो असं म्हटलंच नव्हतं. मी एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. "या" हे उत्तर नव्हे. तो प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला चोर, त्याला कोणी हौदात नेलं होतं? तरी त्याला स्वर्गाचं वचन मिळालं. पाळकसाहेब म्हणतील, त्याला खाली उतरायला सवडच नव्हती. ते मान्य. पण ज्याला सवड होती आणि तरी राहून गेलं, त्याचं काय? तेवढं विचार. रागावू नकोस.

दादा

९ फेब्रुवारी

दादा,

रागावले. दोन दिवस रागावून झाले, मग कामाला लागले.

मी हौदाचंच धरून बसले होते, गळ्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ह्यांना म्हटलं, आता सांगा. एकतीस वर्षं ह्यांनी एकालाही बुडवल्याशिवाय बाहेर काढलेलं नाही. पलीकडच्या रस्त्यावरच्या मंडळीत डोक्यावर पाणी शिंपडतात, म्हणून त्यांच्या पाळकांशी हे जेमतेम मान डोलावतात. असा माणूस. चौथ्या दिवशी म्हणाले, "कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि डोक्यावर ओतायचं. याहून खाली मी येऊ शकत नाही." अरे, ह्यांच्या मानानं हे किती खाली येणं आहे तुला कळतंय ना?

मंडळीच्या पंचांची बैठक झाली. एक पंच म्हणाले, आज गळ्यासाठी सूट दिली तर उद्या कोणी सर्दीसाठी मागेल. मी बाहेर चहा गाळत होते, तिथूनच ओरडले, तुमची सर्दी द्या आणि त्याचा गळा घ्या. ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला.

मग रंगीत तालीम केली. ह्यांना बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं, गळ्याला रुमाल बांधला आणि डोक्यावर भांडं ओतलं. पहिल्या खेपेला रुमाल चिंब. दुसऱ्यांदा मान पुढे झुकवली, तरी कडा ओल्या. तिसऱ्यांदा हनुवटीखाली घडीचा टॉवेल दाबून धरला आणि पाणी माथ्यावरून कपाळाकडे सोडलं, तेव्हा रुमाल कोरडा निघाला. आमचे पाळकसाहेब नखशिखांत भिजून म्हणाले, "माझा दुसऱ्यांदा झाला." एकतीस वर्षांत ह्यांनी केलेला हा पहिला विनोद आहे, म्हणून लिहिला.

तर आता अडचण उरली नाही. नाही म्हणू नकोस.

धाकटी

२० फेब्रुवारी

धाकटे,

सलाम, आणि नाही.

तू पाळकसाहेबांना स्टुलावर बसवून भिजवलंस हे लेकीला वाचून दाखवता येत नाही म्हणून तिच्या हातात दिलं. ती खूप हसली. मीही हसलो, माझं हसू आता नुसतं रुमालावर दिसतं. तुम्ही दोघांनी माझ्यासाठी एवढं केलंत आणि मी नाही म्हणतो, म्हणजे आता कारण सांगायला हवं. पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं.

मी माझ्यासाठी विचारलं नव्हतं. तुझ्या वहिनीसाठी विचारलं होतं.

तुला ठाऊक नाही ते सांगतो. बावीस वर्षांपूर्वी तिनं ठरवलं, आपण दोघांनी एकाच दिवशी उतरायचं. तिनंच पांढरं कापड निवडलं. मी एका दिवशी दोन झगे कापले. तिचा त्याच आठवड्यात पुरा केला, घेराच्या दुमडीत शिशाच्या गोळ्यासुद्धा घातल्या. पाण्यात झगा वर तरंगू नये म्हणून घालतो आपण, तू पाहिल्यात. माझ्या झग्याच्या बाजू शिवून झाल्या, तेवढ्यात गणवेशांचं काम आलं. मग कोणाचं लग्न, मग कोणाचं काय. शिंप्याचं स्वतःचं कापड नेहमी तळाशी जातं. ती दर वर्षी विचारायची, झाला का तुमचा? मी म्हणायचो, काठ दुमडायचा राहिलाय, पुढच्या खेपेला नक्की. ती म्हणायची, मग मीही थांबते, एकटी नाही उतरत. ती कधी रागावली नाही. एकोणीस वर्षं माझ्या एका काठासाठी ती थांबली. अर्ध्या तासाचं काम होतं ते.

ती गेली तेव्हा तिला तोच झगा घातला. गोळ्या उसवून काढल्या. तुमची बस पोचायच्या आधी हे काम उरकलं होतं, कोणाला दाखवायचं नव्हतं.

आणि एक. तुझे पाळकसाहेब कबरीपाशी प्रत्येकासाठी शेवटी एक वाक्य म्हणतात. बाबांसाठी म्हटलं, आईसाठी म्हटलं, शेजारच्या लोहारासाठीसुद्धा म्हटलं. "आपला भाऊ घरी पोचला." "आपली बहीण घरी पोचली." तिच्यासाठी त्यांनी ते म्हटलं नाही. "आम्ही हिला प्रभूच्या हाती सोपवतो" इथपर्यंत आले आणि वही मिटली. मी वाट पाहत उभा होतो. लोक माती टाकायला लागले तरी वाट पाहत होतो. तेव्हा मला आवाज होता, विचारता आलं असतं. भीती वाटली म्हणून विचारलं नाही.

आता तूच सांग. पाणी लागत असेल, तर ती माझ्यापायी बाहेर राहिली, आणि मी डोक्यावर भांडंभर ओतून घेऊन आत जाऊन बसू? तिथे जाऊन तिला काय तोंड दाखवू, ती तिथे नसेल तर कोणाला दाखवू? आणि पाणी लागत नसेल, तर मी तरी कशाला यावं? ती जिथे असेल तिथे मला जायचंय. याच्यापुढे मला काही कळत नाही.

खोली झाडली असशील, वाया गेली. माफ कर.

दादा

११ मार्च

दादा,

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात घडत होतं, पण त्याला शेवट नव्हता.

ते वाक्य मी ऐकलं नव्हतं असं नाही. मीही तिथेच उभी होते. मला वाटलं, ऊन होतं, हे थकले होते, विसरले. एकतीस वर्षांत हे एक शब्द विसरलेले नाहीत, तरी मी स्वतःची तशी समजूत घातली. माझंही चुकलंच रे.

तुझं पत्र ह्यांच्यापुढे ठेवलं. वाचलं, घडी घातली. म्हणाले, "मी जे शिकवतो त्यात कमी-जास्त करू शकत नाही." तेव्हा मी जे बोलले ते तुला सांगते, आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आमचं पहिलं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं, तू छोटी पेटी खांद्यावर घेतली होतीस. त्या दिवशी मी ह्यांना विचारलं होतं, बाळाला कोणी पाण्यात उतरवलं नाही, ते कुठे गेलं? हे क्षणभरही थांबले नाहीत. म्हणाले, "प्रभूच्या मांडीवर आहे." त्या एका वाक्यावर मी उठून बसले, जेवले, पुढची पोरं वाढवली. मी म्हटलं, तेव्हा तुम्ही शास्त्र उघडून बघितलं नाहीत. स्वतःच्या लेकराला जे दिलंत ते माझ्या वहिनीला द्या, नाहीतर माझ्या लेकराचं परत घ्या.

हे म्हणाले, लहान बाळाची गोष्ट वेगळी, त्याला कळत नव्हतं. मी म्हटलं, वहिनीला कळत होतं म्हणूनच ती नवऱ्यासाठी थांबली. मग आठ दिवस तुझं पत्र ह्यांच्या ताटाशेजारी ठेवत राहिले. काल सकाळी ह्यांनी हा कागद माझ्या हातात दिला आणि फिरायला गेले. मी वाचलाय. तसाच पाठवते.

धाकटी

[सोबतचा कागद]

दादा, सलाम.

तुम्ही होय किंवा नाही विचारलंत. उत्तर असं: पाण्यात न उतरताही तारण होतं. तारण प्रभूच्या कृपेनं होतं, आणि ती कृपा धरायला विश्वास पुरतो.

हे मला पूर्वीही माहीत होतं. मी शिकवतानाही हेच शब्द वापरायचो, पण आवाज चढवायचो तो "उतरा" या शब्दावर. लोकांनी ऐकलं ते असं की हौद हेच दार आहे. त्यांना तसं ऐकू दिलं, कारण त्या धाकानं लोक हौदात उतरायचे.

वहिनींच्या पेटीत मी तो झगा पाहिला होता. तुमची शिलाई मी ओळखतो. वाक्य विसरलो नव्हतो, गाळलं होतं. म्हटलं तर लोक म्हणतील, मग आम्ही कशाला उतरलो? त्या विचारानं गाळलं. कोणाच्या लक्षात आलं नसेल असं समजत होतो. तुम्ही तीन वर्षं वाट पाहत उभे आहात. मला क्षमा करा.

वाक्य इथे लिहितो. आपली बहीण घरी पोचली.

आता तुमचं. पाणी लागत नसेल तर कशाला यायचं, असं तुम्ही म्हणता. पाणी आत जाण्यासाठी नसतं. जे मनात झालं ते चार लोकांसमोर मोठ्यानं सांगण्यासाठी असतं. ते सांगायचं तुमच्या पत्नीचं राहून गेलं, तुमचंही राहिलंय. तुम्हाला बोलता येत नाही, म्हणून तर या. हौद चोवीस तारखेला भरतो आहे. नाही आलात तरी वरच्या वाक्यात फरक पडणार नाही.

२९ मार्च

धाकटे,

सलाम. सुखरूप पोचलो. बसमध्ये लेकीनं खिडकी लावून घेतली, धूळ नको म्हणून. डॉक्टरीणबाईंनी काल गळा तपासला. सगळं कोरडं आहे, छातीत काही नाही. काय केलंत म्हणून विचारलं तर लेकीनं सांगितलं. बाई म्हणाल्या, पुन्हा करू नका. मी पाटीवर लिहिलं, एकदाच असतं.

तू पडद्यामागे टॉवेल घेऊन उभी होतीस, त्यामुळे तुला काही दिसलं नसेल. निघताना घरात पाहुणे, तुला एकटीला गाठून पाटीवर एवढं लिहिणं जमलं नाही. म्हणून आता सांगतो.

पायऱ्या उतरलो. पाणी कोमट केलं होतंस, देव तुझं भलं करो. कमरेपर्यंत आलं तेव्हा माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. पाळकसाहेबांनी तो धरला आणि स्वतःच्या खांद्यावर ठेवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच भांडं घेऊन उभे होते बिचारे.

मग त्यांनी प्रश्न विचारला, सगळ्यांना विचारतात तो, तुम्ही प्रभू येशूवर विश्वास ठेवता का? मी मान हलवायची असं आमचं ठरलं होतं. पण इतक्या माणसांसमोर विचारल्यावर मला मान हलवणं पुरेसं वाटलं नाही. मी तोंड उघडून "होय" म्हणालो. आवाज कुठला यायला, नुसती हवा. रुमाल पुढे फुगला आणि खाली बसला. पहिल्या बाकावरची एक बाई डोळे पुसायला लागली.

पाळकसाहेबांनी भांडं उचललं. मी त्यांच्या मनगटाला धरून थांबवलं आणि आणखी एकदा म्हणालो, "होय." रुमाल पुन्हा हलला. ते माझ्याकडे बघत राहिले. मी दोन बोटं वर केली, आणि त्यांना कळलं.

त्यांनी लोकांकडे तोंड करून उपासनेच्या आवाजात सांगितलं, "दोघांचं ऐकलं."

पाणी मात्र एकाचंच ओतलं. म्हणाले, तिला लागत नाही.

तुझा दादा